टोकाची मूठ

४ मार्च

आलो एकदाच्या. ताईचं सामान लागलं, माझं अजून पोत्यातच आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याची शेड. शेड बघितली आणि घर न बघताच हो म्हणून टाकलं. लांब टेबल, दिवसभर उजेड, भिंतीला भक्कम खिळे. माझ्या सातही चेनसॉ ओळीने टांगल्या. लाकूड कापायच्या या जुन्या मशिनी गोळा करायच्या आणि दुरुस्त करायच्या, एवढा एकच शौक मला. सगळ्या माझ्याहून म्हाताऱ्या. तीन चालू, चार रुसलेल्या. ताई म्हणते, तुझे हे सात नवरे, सातही बिघडलेले. म्हटलं, निदान उलट बोलत तरी नाहीत.

ही वही खरं तर ताईची. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून तिचं उजवं अंग लुळं आहे. व्यायाम करून घ्यायला एक बाई येणार आहे आठवड्यातून दोनदा. तिने सांगितलं, हात किती हलतो ते रोज लिहा. आज हलला नाही. झालं लिहून. उरलेल्या पानावर मी माझं लिहिणार. चौथीपर्यंत शिकले ते काय नुसती सही करायला?

९ मार्च

लाँड्रीतलं काम बरं आहे. सकाळी सहा ते दुपारी एक चादरींना इस्त्री करायची, मग मी मोकळी. मुकादमीण फार बोलते. तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, एक तर तुम्ही बोला नाही तर मला काम करू द्या. आता दोघी सुखात आहोत.

आज येताना भंगारवाल्याकडे डोकावले आणि लॉटरीच लागली. दोन माणसांची चेनसॉ! इतकी वर्षं नुसती ऐकून होते. एका टोकाला हंड्याएवढं इंजिन, मग माणसाएवढी लांब पट्टी, तिच्यावरून फिरणारी साखळी, आणि पलीकडच्या टोकाला मूठ. एकाने इंजिन सांभाळायचं, दुसऱ्याने मूठ धरून कापाची दिशा राखायची. पण या मशीनची मूठच नव्हती. भंगारवाला म्हणाला, मूठ आहे, पण ती देत नाही. का, तर नाही. म्हणतो, बाई, तुम्ही एकट्याच चालवणार, तुम्हाला मूठ कशाला? म्हटलं, चाक काढून सायकल विकता का? अर्धवट वस्तू मी भिंतीला लावत नाही. अर्धा तास डोकं खाल्लं त्याचं. शेवटी वैतागून त्याने फडक्यात बांधलेली मूठ माझ्या पिशवीत टाकली आणि लगेच हात धुवायला गेला.

बदल्यात मी दुरुस्त केलेला पंप दिला. ताईला वाटतं मी फसले. तिचा हात: हलला नाही.

१५ मार्च

कार्बोरेटर खोलून साफ केला. आत राळ साचून दगड झालेली. प्लग नवा, दोरी नवी, पिस्टनची रिंग दुसऱ्या मशीनची काढून बसवली. साखळीचा एकेक दात कानशीने घासला. बोटं सोलली पण दुपार कशी गेली कळलं नाही. इंजिन अजून खोकतंय. ताई म्हणते, त्याला काढा पाज.

हात: हलला नाही.

१९ मार्च

मूठ जोडली. दोन बोल्ट, सरळ बसली. लाकूड झिजून तिच्यात चार बोटांचे खळगे पडलेत. लहान बोटं, बाईची असणार. माझी बसत नाहीत.

दुपारी ओंडका कापायच्या लाकडी घोड्यावर ठेवला आणि मुठीखाली एक खोकं लावलं, टोक टेकायला. दोरीच्या तिसऱ्या ओढीला इंजिनाने धरलं, सुरू झालं. काय आवाज! पत्रा थरथरला. काप लोण्यासारखा सरळ उतरला. बंद केल्यावर बघितलं तर खोकं हादऱ्याने सरकून भिंतीला लागलेलं. म्हणजे ते टोक कशावरच टेकलेलं नव्हतं. तरी माझ्या हाताला वजन आलं नाही. अडकलं असेल काहीतरी कापात.

आणि मोठी बातमी. ताईचं बोट हललं! उजव्या हाताचं, पहिलं. मी आत गेले तर बघतच बसली होती त्याच्याकडे. दोघी रडलो. मी कमी रडले.

२२ मार्च

आज खोकं लावलंच नाही मुद्दाम. टोक हवेत राहिलं. मी इंजिन उचललं की पलीकडचं बरोबर उचललं जातं, मी थांबले की थांबतं. लिहिताना अंगावर काटा येतोय, पण खरं सांगते, शेडमध्ये बरं वाटलं. न बोलता काम करणारं माणूस मला पहिल्यांदाच मिळालं.

ताईची चार बोटं हलतात. चमचा धरला. व्यायामवाली म्हणाली, असं मी बघितलं नाही. मी मान डोलावली. शेडचं बोलले नाही.

२४ मार्च

ताईला आंघोळ घालताना उजवा तळवा बघितला. चार फोड. नखांत काळं तेल.

ताई पलंगावरून उतरलेली नाही. शेडमध्ये ती एकदाही आलेली नाही.

तिला विचारलं तर म्हणाली, तुझं मशीन सुरू झालं की माझा हात गरम होतो. बरं वाटतं. बंद करू नको.

२५ मार्च

भंगारवाल्याला गाठलं. म्हटलं, आता सगळं सांगायचं, नाही तर इथेच बसते. तो माझ्याकडे न बघता बोलला. मशीन एका नवरा-बायकोचं. नवरा इंजिनाला, बायको मुठीला. एकदा झाड तिच्या बाजूला पडलं. ती तिथेच गेली, हात मुठीवर तसाच. पुढे दोन वर्षं तो माणूस हेच मशीन घेऊन लाकूडतोडीला जात होता. एकटा. मी म्हटलं, एकट्याला कसं जमेल? तो म्हणाला, बाई, आम्ही कुणीच विचारलं नाही. मग एक दिवस मशीन आणून टाकलं, मूठ वेगळ्या पोत्यात. म्हणाला, दोन्ही एका गिऱ्हाइकाला देऊ नका. ती दमत नाही, म्हणाला, मी दमलो.

मला शिव्या द्यायच्या होत्या. तशीच उठून घरी आले.

२६ मार्च

पाना घेतला. पहिला बोल्ट फिरवला तशी घरातून ताईची किंकाळी. धावत गेले. उजवा हात परत लुळा पडलेला, निळा, थंडगार. चेहराही वाकडा झालेला, झटका आला त्या दिवसासारखा. श्वास घेता येत नव्हता.

मी परत बोल्ट आवळला. मला दुसरं काय करता येत होतं? दोन मिनिटांत रंग आला.

तिला सगळं सांगितलं, त्या बाईचंसुद्धा. ताई घाबरेल असं वाटलं होतं. तिने तो हात उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, धाकटे, दोन वर्षं तू मला उचलतेस, पुसतेस. हात कुणाचा का असेना, हलतोय ना.

म्हटलं, चहा टाकते.

२८ मार्च

मशीनला हात लावलेला नाही दोन दिवस. तरी ताईचा पाय हलायला लागला. ती पलंगाला धरून उभी राहिली.

दुपारी डुलकी लागली होती तिला. उजवा हात मात्र जागा होता. मूठ वळलेली, पुढे-मागे, पुढे-मागे. एका लयीत. मी तो धरायला गेले तर त्याने माझं मनगट पकडलं. इंजिनाइतका जोर. सोडेना. ताई जागी झाली, ओरडली, आणि स्वतःच्या डाव्या हाताने त्याची बोटं एकेक करून उलगडली.

मनगटावर चार वळ. लहान बोटांचे. ताईची बोटं लांब आहेत.

२९ मार्च

ताई चालते. नीट चालते. मला आनंद व्हायला हवा.

विचारते, आमचं मशीन पुसलंस का? आमचं म्हणते. ताई त्याला कायम डबडं म्हणायची.

जेवताना हळूच म्हणाली, धाकटे, ती आता खांद्यापर्यंत आली आहे. मग लगेच दुसऱ्याच आवाजात हसली आणि भात मागितला.

३० मार्च

माझी चूक. ती मूठ मी मागून घेतली. भांडून घेतली.

सकाळी लाँड्रीत जायच्या आधी प्लग काढून खिशात टाकला. प्लगशिवाय कुठलंच इंजिन धरत नाही. एवढं तरी मला कळतं. कामावर एक चादर जाळली.

उद्या व्यायामवाली येईल. तिच्यासमोर मूठ काढायची. ताईचा श्वास गेला तर तिला काही उपाय माहीत असेल. हात जाऊ दे. ताई राहू दे. मी उचलेन तिला, जन्मभर उचलेन —

३१ मार्च

व्यायामवाली बाई, हे तुमच्यासाठी लिहिते. घाईत. दार उघडंच ठेवते.

दुपारचे दोन. आत्ता कामावरून आले. ताई पलंगावर नाही.

मशीन चालू आहे. इथपर्यंत आवाज येतोय. प्लग माझ्या खिशात आहे. आत्ता हात लावून बघितला, आहे.

खिडकीतून शेड दिसते. ताई मुठीकडे उभी आहे. ताठ. पट्टी हवेत सरळ, साखळी फिरतेय. इंजिनाकडे कुणी नाही. कुणी नाही आणि ते हवेत —

उजवा हात मुठीवर घट्ट. डाव्या हाताने ती बोटं सोडवतेय. ओरबाडतेय. रक्त येतंय. डावा अजून ताईचाच आहे. चेहरा हसतोय, डोळ्यांतून पाणी. तोंड उघडून मला हाक मारतेय, आवाज पोहोचत नाही. ये म्हणतेय की येऊ नको, कळत नाही —

तिला एकटीला त्या टोकाला सोडणार नाही मी. पाना घेतला आहे. एका हाताने इंजिन धरायचं, दुसऱ्याने बोल्ट. दोनच बोल्ट आहेत. बाई, लवकर या, ताईला आधी बघा, माझं नंतर —

आता डावा हात थांबला.

डावाही मुठीवर गेला. मशीन वळतंय. इंजिनाची बाजू घराकडे केली आहे, रिकामी, अगदी माझ्या उंचीला, आणि दोघी वाट बघत