डावीकडची जागा

४ जानेवारी, रविवार
हरलो. ०-२. सलग तिसऱ्यांदा. असंच चाललं तर खालच्या डिव्हिजनला जाणार, आणि मग निम्म्या मुली खेळ सोडून देतील, मला माहीत आहे ना त्यांची घरं.

शैला लेफ्ट बॅकला उभी असते, डोळ्यांदेखत. आणि ह्या बाया बॉल टाकतात तिच्या पार पुढं, कोपऱ्याकडं, जिथं काळं कुत्रं नाही. बॉल बाहेर. मग सगळ्या शैलाकडं बघणार, जशी तिचीच चूक. घसा फोडून ओरडले, "पायात द्या की तिच्या!" गिरिजा म्हणते, "मॅडम, पायातच दिला." खोटं नाही बोलली. तिला खरंच तसं वाटलं.

शैलाच्या आधी ह्या जागी वीणा खेळायची. ती असती तर पोचली असती त्या बॉलवर. पावसाळ्यात तापानं गेली. धड आठवडाभर पण आजारी नव्हती.

रत्नाक्का आल्या होत्या. वीणाची आई. डाव्या लाइनीला चटई टाकून बसतात. हाफटाइमला टीमच्या बाजू बदलतात, आपली डावीकडची जागा मैदानाच्या पलीकडं जाते. वीणा खेळायची तेव्हा अक्का चटई गुंडाळून पलीकडं जायच्या, लेकीच्या जवळ. अजून जातात. आजही गेल्या. मी तेवढा वेळ पाठ करून उभी राहते.

७ जानेवारी, बुधवार
शाळेत नववीची कबड्डी घेतली, पण डोकं ठिकाणावर नाही. मधल्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर शेंगदाणे मांडले. मागं चार, मध्ये चार, पुढं दोन. वर्षानुवर्षं हेच. का? तर वीणा डावीकडून वर धावत सुटायची आणि तिच्यामागं पडणारं भगदाड बाकीच्यांनी बुजवायचं. गिरिजा मध्यातून मागं यायची. फातिमाला पळणं जमत नाही, तरी तिला मी डावीकडं ओढायचे.

भगदाड पाडणारी नाही आता, आणि ह्या अजून बुजवतायत.

मागं तीनच ठेवले तर? फातिमा मधोमध. तिला खेळ आधीच कळतो, पळावं लागत नाही. शैला उजव्या पायाची, तिच्या उजवीकडं. मध्ये पाच, एकमेकींच्या जवळ, गिरिजा सगळ्यांच्या पुढं मोकळी. डावीकडं कुणीच नाही. खेळ उजवीकडून न्यायचा.

डावीकडचा दाणा उचलून खाल्ला.

११ जानेवारी, रविवार
३-१. जिंकलो!

गिरिजाचे दोन गोल, दोन्ही लांबून. एवढी किक हिच्या पायात होती आणि मी हिला मागं राखणीला बसवली होती. फातिमा तर अशी खेळली, जणू घरच्या ओट्याशी उभी आहे, हात लांबवला की हवं ते हाताशी. शैला पहिल्यांदा हसली. सगळ्या आपापल्या जागी. इतकं सोपं होतं.

गिरिजा दुसऱ्या गोलनंतर नाचली नाही. डावीकडं बघत उभी राहिली. वीणा कोपऱ्यातून धावत येऊन हिच्या पाठीवर उडी मारायची.

हाफटाइमला अक्का पलीकडं गेल्या. तिकडं बॉल गेलाच नाही. मॅच संपली तेव्हा चटई नव्हती.

१८ जानेवारी, रविवार
२-०. अक्का आल्या नाहीत.

मुली फोटो काढत होत्या. मला धड हसता येईना.

२० जानेवारी, मंगळवार
प्रॅक्टिस संपल्यावर गिरिजा शंकू गोळा करायला थांबली. एरवी पहिली पळते. म्हणाली, "मॅडम, ही जागा मला आधी का नाही दिलीत?"

"आधी गरज नव्हती."

"म्हणजे ती गेली म्हणून मिळाली."

"गप उचल ते." उगीच खेकसले. ती रडत रडत उचलत राहिली. खरं तेच आहे.

२२ जानेवारी, गुरुवार
शाळा सुटल्यावर बसवनगुडीला गेले, अक्कांकडं. चार पिढ्या ह्या कानडी मुलखात त्यांच्या, तरी घरात मराठीच. वीणाचे बूट दाराशी. धुऊन ठेवलेले.

"ये ग सुमन. स्वल्प कॉफी घे."

विचारलं, येत का नाही. म्हणाल्या, "ती गेल्यावरही दिसायची ग. मुली बॉल टाकायच्या ना तिला, तिच्या धावण्याच्या हिशोबानं. बॉल तिकडं निघाला की वाटायचं, आता पोचेल बघ. आता तिकडं कुणी टाकतच नाही. मी बघू कुठं?"

एवढे दिवस मी ज्याला चूक म्हणून ओरडत होते, त्यासाठी ही बाई ऊन खात बसत होती.

"अक्का, हरत होतो आम्ही."

"ते बरोबरच की. हरू नका," म्हणाल्या. रागानं नाही. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी शेवटची मॅच, या म्हटलं. "बघते," म्हणाल्या. बनशंकरीला घरी येईपर्यंत रिक्षात हुंदके आवरेनात. रिक्षावाले अण्णा आरशातून बघत होते, बघू देत.

२४ जानेवारी, शनिवार
उद्या जिंकलो तरच टिकतो. शैला विचारते, "मॅडम, मागं तीनच ना?" तीनच, म्हटलं.

खरं लिहू? मला चार हवे आहेत. मलाही तो बॉल बाहेर जाताना बघायचा आहे. मला वीणा हवी आहे, डिव्हिजन गेलं चुलीत. पण अकराच्या अकरा पोरी माझ्या तोंडाकडं बघतात आणि त्यातली एकही वीणा नाही.

२५ जानेवारी, रविवार
टिकलो. २-१.

अक्का आल्या. हाफटाइमला चटई गुंडाळली, मैदान ओलांडलं. मी ह्या वेळी पाठ केली नाही.

शेवटची काही मिनिटं राहिली होती. बॉल गिरिजाकडं. उजवीकडं शैला मोकळी, हात वर करून. आणि गिरिजानं बॉल टाकला डावीकडं, कोपऱ्याच्या दिशेनं, कुणी नसलेल्या जागी. थेट वीणाचा बॉल. अशा वेळी मी आकाशपाताळ एक करते. आज नुसती बघत राहिले. बाकावरच्या पोरीही. सगळ्या बॉलकडं बघत होत्या, हळूहळू जात होता तो.

लाइन ओलांडून अक्कांच्या चटईशी थांबला. त्यांनी उचलून मांडीवर घेतला. समोरच्या टीमची मुलगी थ्रोसाठी हात पुढं करून उभी, "अम्मा, बॉल." थोड्या वेळानं दिला.

गिरिजानं चुकून टाकला की मुद्दाम, विचारलं नाही. जाताना ती पहिल्यांदाच माझ्या पाया पडली.

मग अक्का माझ्याकडं आल्या. चटई काखेत. म्हणाल्या, "बघितलंस? असल्या बॉलवर पोचायचीच ती. आज नाही पोचली. दमली ग पोरगी. बसव तिला आता बाहेर."

"सरी अक्का, बरं," म्हटलं.

म्हटलं खरं. पण इतक्या वर्षांत वीणाला मी एकाही मॅचमध्ये बाहेर काढलं नाही. बाहेर घ्यायचं तर लाइनीवर उभं राहून नावानं हाक मारावी लागते. मंगळवारी मुली यायच्या आधी जाऊन एकदा मारावी का? कुणी नसताना, डावीकडं तोंड करून.

ऐकणार नाही, ह्याची भीती नाही वाटत. ऐकून ती येईल आणि निमूट बाकावर बसेल, ह्याची वाटते.