नववं चित्र

प्रिय वरद,

माझे मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून हे कागदावर, मावशीच्या हाती. बाबांना सहा आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, हे तिनेच तुला सांगितलं असेल. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं. डाव्या हाताला रिमोट मात्र जमतो. म्हणून मी घरच्या टीव्हीसाठी एक ॲप केलंय. पाणी, चहा, दुखतंय, अशी नऊ चित्रं. चित्र निवडून ओके दाबलं की टीव्ही तो शब्द माझ्या आवाजात बोलतो.

चार दिवस एम्युलेटरच, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली टीव्ही, सुरू होईना. नुसता काळा पडदा. मेमरी कमी पडतेय असं वाटलं, पण लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्येच त्याला लागणारी सोय बंद होती. ती चालू केली, तर खरा टीव्ही लॅपटॉपला ओळखेना. राउटर बंद-चालू झाला की लॅपटॉपचा पत्ता बदलायचा आणि टीव्हीत जुनाच राहायचा. मला टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेली बघून आई म्हणाली, "टीव्ही बघूचो असता गो, त्येचा ऑपरेशन करूचा नसता." आणि तिने लगेच देवाला हात जोडले. येत्या शुक्रवारी बाबांच्या मानेतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन आहे.

शनिवारी ॲप चाललं. लॅपटॉपवर बिनचूक, बाबांच्या हातात मात्र टीव्ही "वरद, वरद, वरद" करत सुटला. नववा चौकोन रिकामा दिसू नये म्हणून तिथे मी तुझा फोटो टाकला होता. आई पिठाच्या हातांनी बाहेर धावली. दोष सापडला. माझं माऊसचं क्लिक क्षणाचं. बाबांचं बोट बटणावर रेंगाळतं आणि टीव्ही त्याचे अनेक दाब धरतो. धरून ठेवलेलं बटण एकदाच मोजायचं, अशी दुरुस्ती केली.

ॲप प्रत्येक दाबाची वेळ टिपतं. रविवारी पाणी चारदा, दुखतंय एकदा, तू अकरा वेळा. प्रत्येक शब्दानंतर निवड परत पाण्यावर येते. तुझ्यापर्यंत पोचायला दोनदा उजवीकडे, दोनदा खाली, मग ओके. तुझ्या नावाच्या दोन दाबांमधलं कमीत कमी अंतर सहा मिनिटं. हे चुकून होत नाही. मी तीनदा तपासलं.

"या दारात पुन्हा उभा राहू नकोस," हे बाबा तुला माझ्यासमोरच म्हणाले होते. ते परत घ्यायला आता त्यांच्याकडे एवढंच आहे. तुझ्या शीव कोळीवाड्याहून आपलं लालबाग फार लांब नाही. मी कुणाला गळ घालत नाही, तुला ठाऊक आहे. पण गुरुवारी दुपारच्या आत ये. चार वाजता त्यांना ॲडमिट करायचंय, आणि तिथल्या टीव्हीवर हे ॲप नाही.

तुझीच,
मेघनाताई