दुसरी शिदोरी

१३ ऑक्टोबर १९३७, नाशिक

आज सासरी आले ती मोटार लॉरीत पुढे बसून! त्र्यंबकची सगळी माळीआळी बघायला जमली होती. आईने ओटी भरली, बाबांनी ही कोरी वही दिली. लिहायला-वाचायला मला त्यांनीच शिकवलं, फुलांच्या पाट्या भरता भरता. शाळा मी बाहेरूनच पाहिली. वहीत खोटं लिहू नकोस, म्हणाले. एकदा आपल्यापाशी खोटं बोलायची सवय लागली की मग दुसऱ्यापाशी जड जात नाही.

लग्न वैशाखात झालं, पण पावसाळाभर मी माहेरीच होते. त्यामुळे ह्यांच्याशी धड बोलणं असं आजच झालं. लॉरी स्वतःची आहे, कुणाची चाकरी नाही. चांदवडला कांदा भरायचा, मुंबईला उतरवायचा आणि येताना रॉकेलचे डबे, मीठ, मिळेल तो माल घेऊन कसाऱ्याचा घाट चढून परत यायचं. सांगताना स्वारी खुलली होती.

घर आग्रा रोडला लागून, दोन खोल्यांचं. अंगणात निंब आहे, त्याखाली लॉरी उभी राहते. पलीकडे एकच बिऱ्हाड, गुलजारबीचं. ती ओसरीवर बिड्या वळत बसते. मी खाली उतरायच्या आत तिने ह्यांना ओरडून सांगितलं, "गोटीराम, माल नाजूक दिसतोय रे! कांद्याची गोणी समजून आपटू नको." मी लाजले, पण हसूही आवरेना.

१५ ऑक्टोबर

काल दसरा. लॉरीची पूजा केली, माहेरच्या झेंडूची माळ घातली. लॉरीच्या मागे दोरीला बाभळीचा एक ठोकळा लटकतो, त्यालाही कुंकू लावलं. ह्यांनी ते लगेच अंगठ्याने पुसून टाकलं.

ठोकळा कशाला, ते विचारलं. घाट चढताना इंजिन तापतं. मग थांबून पाणी घालावं लागतं. तेव्हा लॉरी मागे घरंगळू नये म्हणून दुसऱ्या माणसाने उडी मारून ठोकळा मागच्या चाकाखाली सारायचा. ते काम नजीरभाईंचं. गुलजारबीचा नवरा, ह्यांचा लहानपणापासूनचा सोबती. आषाढात चांगलं काम मिळालं म्हणून इंदूरला गेले, ते अजून आले नाहीत. आता माझं मीच बघतो, म्हणाले.

चढावर ब्रेक दाबून धरणारा आणि खाली उतरून ठोकळा लावणारा माणूस एकच कसा असेल, हे मला कळलं नाही. विचारलंही नाही.

१९ ऑक्टोबर

पहिल्या खेपेला गेले. शिदोरी दोन माणसांची मागितली. एक पांढऱ्या फडक्यात, दुसरी निळ्या चौकड्यांच्या. रस्त्यात कुणी ना कुणी उपाशी भेटतं, म्हणाले. बरं वाटलं; नवरा दयाळू आहे. फक्त चौकड्यांचं फडकं बाहेरच्या दोरीवर वाळत घालू नकोस, असं बजावलं. का ते सांगितलं नाही.

घर एकदम मोठं झालं. रस्त्याने लॉऱ्या जातात तेव्हा भांडी हलतात. प्रत्येक वेळी दारात जाऊन येते. एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, पण पेटवली.

२४ ऑक्टोबर

परत आले. ह्यांचं पांढरं फडकं बोळा करून फेकलेलं होतं. चौकड्यांचं मात्र झटकून, चौघडी घालून ठेवलेलं. वाटेवरचा उपाशी माणूस इतका टापटिपीचा?

मनात वाईट विचार आला. बाई असेल का कुणी? लिहिताना लाज वाटते, पण आला.

१ नोव्हेंबर

ह्याही खेपेला तेच. दिवाळीचा फराळ दिला तर चौकड्यांच्या फडक्यातली करंजीही संपली होती. गुलजारबीला करंज्या नेऊन दिल्या. नजीरभाईंना करंजी फार आवडायची म्हणे; दर दिवाळीला ह्यांच्या ताटातली पळवायचे. ती हसत सांगत होती. हे आत निघून गेले.

९ नोव्हेंबर

आज दुसरी शिदोरी जशीच्या तशी परत आली. गाठसुद्धा मीच मारलेली. ह्यांनी ती हातात घेतली आणि का रे, का नाही खाल्लंस, असं विचारलं. मला नाही, शिदोरीला.

१७ नोव्हेंबर

पुन्हा तशीच आली. अन्न टाकवेना म्हणून भाकरी गुलजारबीच्या शेळीला न्यायला निघाले. फडकं तेच होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहायला हवं होतं.

थट्टेने म्हटलं की ह्यांच्या वाटेवरच्या पाहुण्याचं पोट बिघडलंय, चंद्र दिसल्यापासून जेवत नाही. गुलजारबी म्हणाली, "मग रोजे असतील त्याचे!" आणि हसली. मग तिची नजर फडक्यावर गेली. तिने ते माझ्या हातातून घेतलं, कोपऱ्यातली स्वतःच्या हातची टीप चाचपली आणि तोंडाला लावलं.

नजीरचं आहे, म्हणाली. म्हणजे गोटीरामला तो भेटतो. इतके महिने मेला तोंड लपवून हिंडतोय, कर्ज केलं असेल नाहीतर भांडण. रागवणार नाही, सांग. ईदला घरी ये म्हणावं. रडत होती, हसत होती. मला मिठी मारली, फडकं परत दिलं; त्याची शिदोरी ह्यातच बांध, म्हणाली.

चंद्रापासून जेवत नाही. हे मीच बोलले होते. तोपर्यंत मी ते ऐकलंच नव्हतं.

२१ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं. आधी ओरडले. मग चुलीपुढे बसून सगळं सांगितलं.

आषाढात, कसाऱ्याच्या घाटात, वरच्या वळणावर. नजीरभाईंनी ठोकळा सारला, तो चिखलात सरकला. भरल्या लॉरीचं चाक अंगावरून गेलं. लॉरी जप्त होईल, आपल्याला फाशी होईल, या भयाने ह्यांनी त्यांना खाली दरीत नेऊन दगडांनी झाकलं. गुलजारबीला इंदूर सांगितलं.

पुढच्या खेपेला त्याच वळणावर इंजिन तापलं. ब्रेक धरेना. लॉरी मागे सरकू लागली. आता संपलं, असं वाटलं, तोच मागे ठोकळा बसल्याचा धप्प आवाज झाला. उतरून पाहिलं तर ठोकळा चाकाखाली होता. माणूस नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक खेपेला. म्हणून शिदोरी.

मी म्हटलं, गुलजारबीला सांगा. ते म्हणाले, ती त्याची वाट बघतेय म्हणून तो कामावर आहे. तिने घरी बोलावलं तर तो जाईल. मग घाटात मी कुणाच्या भरवशावर थांबू?

२२ नोव्हेंबर

ब्रेक दुरुस्त करा, माणूस ठेवा, पाया पडते म्हटलं. ब्रेक उघडायचा तर लॉरी बरेच दिवस उभी राहील, कांदा सडेल. ईदनंतर बघू, म्हणाले. तोवर गुलजारबीला काही सांगणार नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली. मी घेतली.

गुलजारबीच्या घरात शेवया वळणं चालू आहे.

२७ नोव्हेंबर

अंगणात जात नाही. पाणी ती विहिरीवर नसेल तेव्हा आणते. तिने दारातून विचारलं, निरोप दिला का. मी मान हलवली. कशीही समजता येईल अशी हलवली. तेही खोटंच.

तिने नजीरभाईंसाठी सदरा शिवलाय. माप आठवणीतलं, म्हणाली.

२ डिसेंबर

हे गेले. दोन शिदोऱ्या. दुसरी त्याच चौकड्यांच्या फडक्यात बांधली. ईदला दुपारी घाट चढून सूर्य मावळायच्या आत घरी, म्हणाले. मग ब्रेक. नक्की.

चाकापुढे उभी राहिले होते. हाताला धरून बाजूला केलं.

५ डिसेंबर, ईद

सकाळी. गुलजारबी ओसरीवर बसली आहे. पुढे शीरखुर्म्याचा वाडगा, घडी न मोडलेला सदरा. स्वतः काही खाल्लेलं नाही. महिनाभराचा उपास, आणि आज सणालाही तशीच.

हे येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. नुसता आजचा दिवस.

दुपारी. ती आत आली. माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. एवढंच विचारलं, तो जिवंत आहे का.

ह्यांना दिलेली शपथ आठवली. हात डोक्यावरच होता.

सांगितलं.

ती ओरडली नाही. ओसरीवर गेली, वाडग्यावरचं झाकण काढलं. रस्त्याकडे तोंड करून, रोजच्यासारखी हाक मारली, "पुरे झालं रे नजीर. भुकेला आहेस. घरी ये."

मी तिच्या तोंडावर हात ठेवायला धावले — पण ती बोलून गेली होती.

आता ऊन निंबावरून खाली आलंय. हे याच वेळी वरच्या वळणावर —

चांदवडची एक लॉरी आत्ताच गेली. भांडी हलली. आमची नव्हती.

अंगणात आवाज झाला. धप्प. एकदाच.

ती हसतेय. हळू कुणाशी तरी बोलतेय. सदरा खांद्यात घट्ट झाला का, असं विचारतेय.

बाहेर जाऊन आले. वाडगा पुसल्यासारखा रिकामा. शेजारी चौकड्यांचं फडकं, झटकून, चौघडी घालून. पायरीशी तो — बाभळीचा — दोरी तुटलेली, घाटाची लाल माती लागलेली. हात लावला. चाकाखालून आत्ताच काढल्यासारखा गरम आहे.

ठोकळा इथे आहे.

मग तिकडे चाकामागे —