सोजरबाईचा हंडा आणि त्यावरचं नाव

मी, बुद्धरत्न धोंडीबा सोनकांबळे, वय ६४, निवृत्त टूलरूम कामगार, राहणार चऱ्होली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या गुरुवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घाई मात्र आहे, कारण आज संध्याकाळी पाच वाजता माझ्या दारात टेम्पो येणार आहे. वकिलाच्या मसुद्यात ‘ईश्वरसाक्ष’ असा शब्द होता, तो मी खोडला. साक्षीला मी माणसं बोलावली आहेत.

१. चऱ्होलीचं दोन खोल्यांचं घर माझा एकुलता एक मुलगा सुजित याला मिळावं. तो वाकडला बाराव्या मजल्यावर राहतो. इथे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. विकायचं तर विक बाबा, पण मागची पत्र्याची शेड रिकामी करताना भंगारवाल्याला हाक मारू नकोस.

२. त्या शेडमध्ये वातीचा स्टोव्ह, रेशनच्या रॉकेलचा डबा, वडिलांचा कंपनीत न्यायचा जेवणाचा डबा, एक मुका रेडिओ आणि अशी चाळीसेक भांडीकुंडी आहेत. प्रत्येकावर मी चित्रं कोरली आहेत. सतराव्या वर्षी पिंपरीतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी नावं घालायला बसलो. छिन्नी आणि हातोडीने टिंब टिंब करत. पुढे कंपनीत डाय म्हणजे लोखंडी साचे बनवले, पण हात पहिल्यापासून चित्राचा. रिटायर झाल्यावर वडिलांचा डबा घासत बसलो होतो, तेव्हा झाकणावर आपोआप पहिल्या शिफ्टला निघालेली माणसं काढली गेली. मग थांबलोच नाही. लहानपणी घरात जे जे होतं, ते आता मला बोलावून काम करून घेत होतं. ही सगळी भांडी सुजितने एकत्र ठेवावीत. पोरा, तू त्यांना पाहुण्यांसमोर ‘रेट्रो’ म्हणतोस. आम्ही त्यात स्वयंपाक करत होतो रे.

३. छिन्न्या आणि हातोडी शेजारचे ज्ञानेश तापकीर गुरुजी यांना द्याव्यात. चार वर्षं मला चहा पाजून त्यांनी माझी बडबड ऐकली आहे. त्यांना यातलं काही येत नाही. खिळे ठोकायला वापरली तरी माझी हरकत नाही.

४. आता हंडा. ज्या पितळी हंड्याला गेल्या वर्षी प्रदर्शनात बक्षीस मिळालं, तो. त्याच्यावर सभोवार आमची वस्ती आहे, नळावरची भांड्यांची रांग आहे, आई आहे. सुजितने मला न विचारता तो वाकडच्या एका हॉटेलवाल्याला कबूल केला. तो म्हणे हंडा उलटा टांगून आत बल्ब लावणार. मी सुजितला फोनवर म्हणालो, “हंडा द्यायचा नाही.” तो म्हणाला, “पप्पा, शब्द दिलाय मी. लोक बघतील तरी!” टेम्पो येतोय तो त्यासाठी.

हा हंडा माझा नाही. तो माझी धाकटी बहीण आम्रपाली सोपानराव सूर्यवंशी, राहणार निघोजे, हिला मिळावा. कारण सांगितल्याशिवाय हे कलम पुरं होणार नाही, म्हणून लिहितो.

आमची आई सोजरबाई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. १९७८ साली मी चित्रकलेच्या परीक्षेला बसायचं म्हणालो. आई म्हणाली, फीला पैसे नाहीत. आणि महिन्याभरात तिने हा हंडा आणला. म्हणाली, “आमूच्या लग्नाला हाय. तिचं नाव घाल बरं, ठसठशीत.” माझं टाळकंच फिरलं. आईला अक्षरओळख नव्हती. मी बसलो आणि ठसठशीत स्वतःचं नाव घातलं.

आई त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, “आम्रपाली.” मग हंडा पोत्यात बांधून माळ्यावर ठेवायची.

१९८२ साली लग्नाच्या मांडवात हंडा बाहेर निघाला. आमूने नाव वाचलं, हंडा खाली ठेवला आणि आईला म्हणाली, “तुझं सगळं लेकाचंच. मला कशाला फसवलंस?” आईला काही कळेना. तिला वाटलं, पोरीला हंडा आवडला नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक शब्द बोललो नाही. हंडा तिथेच राहिला. सतरा वर्षांनी आई गेली, तेव्हा आमू उंबऱ्यातूनच परत फिरली. तेव्हाही मी गप्प राहिलो. माझ्यासारखा भेकड माणूस मी पाहिला नाही.

५. हे कलम दुपारी साडेतीनला लिहीत आहे. साक्षीदार म्हणून मी आमूला बोलावलं होतं. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये, हे गुरुजींनी ती आल्यावर सांगितलं. तिने विचारलं, “मला काय मिळतंय?” मी कलम ४ तिला वाचून दाखवलं. 

 ती म्हणाली, “त्रेचाळीस वर्सं मी आईला खोटारडी म्हणत आले, दादा. तिच्या मातीला थांबले नाही. हे कुठं ठेवू मी, सांग!”  तिने हंडा माझ्यासमोर आपटला. “घाल नाव.” मी म्हणालो, हात कापतोय. “कापू दे. आत्ता घाल. माझ्यासमोर घाल.”

घातलं. पाऊण तास लागला. माझ्या नावाखाली तिचं नाव वाकडंतिकडं बसलं आहे. एवढं वाईट काम मी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं. तिने ते मोठ्याने वाचलं आणि हंडा उचलून रिक्षात ठेवला.

तेव्हा कलम ४ मधली देणगी रद्द समजावी. हंडा मी जिवंतपणी दिला आहे. आमूला आता या कागदातून काही मिळत नाही, म्हणून ती सही करू शकते, असं गुरुजी म्हणतात. कलम ४ मधली हकीकत मात्र खोडू नये. सुजित, टेम्पोवाल्याला मी रिकामा परत पाठवतो आहे. हॉटेलवाल्याला काय सांगायचं ते तू बघ.

आमू म्हणाली, “मी माफ केलं असं त्यात लिहू नको.” म्हणून लिहिलेलं नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: चऱ्होली
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

(सही) बुद्धरत्न धोंडीबा सोनकांबळे

साक्षीदार:

१. (सही) ज्ञानेश तापकीर, निवृत्त शिक्षक, चऱ्होली

२. (सही) आम्रपाली सोपानराव सूर्यवंशी, निघोजे
सहीखाली तिच्याच अक्षरात: आईचा दोष नव्हता. हे मी वाचलं.