पडण्याच्या परीक्षेबाबत मोठ्या साडूंस

रांझी, जबलपूर
मंगळवार, फॅक्टरीतून आल्यावर, चहा घेऊन

आदरणीय मुरलीधरराव यांस,

धाकट्या साडूचा कमरेतून वाकून नमस्कार. (हे शब्दशः घ्यावे. पाठ सरळ, तळवे मांड्यांवर, नजर खाली, पण समोरच्याची पावलं दिसतील इतपतच. लिहायला बसण्याआधी अमरावतीची दिशा, म्हणजे नैर्ऋत्य, होकायंत्रावर पाहून मी तो घातलेला आहे. त्या दिशेला आमची गॅसची शेगडी येते, त्याला इलाज नाही.)

विनताताईंचा डोळा कसा आहे? थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नये. आपली साखर आटोक्यात असेल आणि सकाळचं फिरणं सुरू असेल असं धरून चालतो. इकडे प्रतिमा मजेत आहे. मीही ठीक आहे, डावा कोपर, उजवा खांदा आणि माकडहाड सोडून. हे तिन्ही अवयव आपापल्या जागी आहेत, नुसते दुखून राहिले आहेत.

पत्रास कारण की, विनताताईंनी प्रतिमाला फोनवर विचारलं म्हणे, दिवाकररावांचं डोकं ठिकाणावर आहे ना. फोनवर अशा गोष्टी अर्धवट कळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर आपण नुसता अंगठा दाखवता, त्यावरून वाचलं की नाही ते समजत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. वस्तुस्थिती अशी, की येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी राइट टाउनमधल्या एका हॉलमध्ये माझी आयकिडोची पहिली परीक्षा आहे, वय वर्षं चोपन्न असताना मी ती देणार आहे, आणि काहीही झालं तरी पास होणार आहे. अडचण एकच आहे. ती ओघात येईल.

आयकिडो ही जपानी विद्या. तिच्यात मारामारी नसते. समोरचा जोर लावून अंगावर आला की आपण बाजूला वळायचं आणि त्याचाच जोर त्याला परत द्यायचा, की तो जातो खाली. (आपण सरकारी कचेरीत उभा जन्म काढलात, आपल्याला हे चटकन कळेल. आलेला अर्ज अंगावर न घेता पुढच्या टेबलाकडे वळवणे, तत्त्व तेच.) ही विद्या मी तीन वर्षं स्वतःची स्वतः शिकलो. गुरू नाही, वर्ग नाही. एक पुस्तक, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि गच्ची. फॅक्टरीत मी गेज (मापं पडताळायची साधनं) तपासतो, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही फरक निघाला तर माल परत पाठवतो, तीच नजर इथे लावली. गच्चीवर खडूने रेघा मारून पुढच्या पावलाचा कोन कोनमापकाने ठरवला. पडण्यासाठी दोन गाद्या नव्याने भरून घेतल्या. कापूस घट्ट हवा, हाताने दाबून बोट आत जाता कामा नये, असं गादीवाल्याला बजावलं. तो म्हणाला, साहब, इस पे सोना है कि गिरना है? मी म्हटलं, गिरना है. तो म्हणाला, तो फिर रुई काहे को भरवा रहे हो, छत तो है ही. अशा वातावरणात मी शिकलो, हे आपण लक्षात घ्यावं.

या विद्येचं खरं मैदान रोजचं जगणं आहे, असं पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे, आणि पहिलं पान मी कधी सोडत नाही. सरावाच्या जागेत शिरताना आणि निघताना वाकायचं असतं. आमच्या गच्चीचा जिना स्वयंपाकघरातून जातो, तेव्हा मी तिथेही वाकू लागलो. समोर फ्रिज येतो. प्रतिमाने काही दिवस पाहिलं, मग म्हणाली, काहून नमस्कार करून राहिले तुम्ही फ्रिजला, आत कालची भाजीच आहे. दुसरं उदाहरण बडा फुहाऱ्याचं. तिथे भर बाजारात एक सांड थेट माझ्या रोखाने आला. लोक पळाले. मी पळालो नाही. पुढचं पाऊल आत घातलं, टाचेवर अर्धं वळण घेतलं, सांड माझ्या पोटाजवळून वाऱ्यासारखा निघून गेला. इथपर्यंत सर्व पुस्तकाप्रमाणे झालं. पण वळण पूर्ण करायचं असतं (अर्धवट सोडलं तर गुडघ्यावर ताण येतो), ते पूर्ण करताना मी मागच्या फुलकीवाल्याच्या गाडीवर गेलो. (फुलकी म्हणजे आपल्याकडची पाणीपुरी.) चिंचेचं पाणी माझ्या डोक्यावर, फुलक्या नालीत. तो शांतपणे म्हणाला, भैया, सांड तो कब का निकल गया, आप काहे घूम रहे हो अभी तक? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. भरपाई दिली आणि घरी आलो.

पण त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली, की सांडाशिवाय आजवर कुणीच माझ्या अंगावर आलेलं नाही. हवेतल्या शत्रूला मी तीन वर्षं पाडत होतो आणि तो दर वेळी पडत होता. खरा माणूस हवा होता. माझ्या हाताखाली अनुपम दुबे म्हणून एक इन्स्पेक्टर आहे, त्याला जेवणाच्या सुट्टीत मनगट धरायला सांगितलं आणि पेच लावला. अनुपम उभाच. म्हणाला, सर, अब क्या करना है? मी म्हटलं, अब तुम गिर रहे हो. तो म्हणाला, अच्छा. आणि उभाच राहिला. त्याचा एक हात पिरगाळलेल्या अवस्थेत माझ्याकडे होता, दुसऱ्या हाताने त्याने चहा पिऊन घेतला. मग शेजारच्या बळीरामकडे गेलो. हा मूळचा सिहोऱ्याचा, आडत्याकडे पोती मोजतो, लहानपणी आखाड्यात गेलेला. तो अंगावर यावा एवढीच माझी अपेक्षा होती. तो आला. पुढचं मला सलग आठवत नाही. आभाळ दिसलं आणि बळीरामचा चेहरा दिसला. तो विचारत होता, भाईसाब, यही करना था ना?

तेव्हा कुठे मी वर्गाची चौकशी केली. (हार म्हणून नव्हे. गेजसुद्धा वर्षातून एकदा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवून तपासून घ्यावं लागतं.) राइट टाउनमध्ये मैत्रेयी म्हणून आपल्याच मराठी घरातली एक मुलगी शिकवते. वय तिशीचं, उंची माझ्या खांद्याला, पुण्यात दहा वर्षं शिकून आलेली. मी पांढरा पोशाख घालून, पट्टा बांधून, दारात वाकून आत गेलो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, काका, हे कुठे शिकलात? मी अभिमानाने म्हटलं, स्वतःच. ती म्हणाली, वाटलंच. जॅकेटची डावी बाजू वर यायला हवी. उजवी वर जपानात फक्त मेलेल्या माणसाला घालतात. मुरलीधरराव, चूक कशी झाली ते मी उभ्याउभ्याच शोधून काढलं. मोबाइल समोर ठेवून मी आरशात बघावं तसा शिकलो होतो, त्यामुळे माझं सगळंच डाव्याचं उजवं झालं होतं. तीन वर्षं रोज सकाळी मी गच्चीवर प्रेताच्या वेशात कसरत करत होतो, आणि कोन मात्र अचूक होते. मैत्रेयीजी म्हणाल्या, हरकत नाही काका, उद्यापासून जिवंत होऊन या.

दुसऱ्या दिवशी जिवंत होऊन गेलो, तर त्यांनी मला शाळकरी मुलांच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, आधी पडायला शिका. पाडायचं नंतर. जो नीट पडू शकत नाही त्याला इथे कुणाला हात लावू देत नाही. मला राग आला, लपवत नाही. पडायला काय शिकायचं? माणूस बिनाशिक्षणाचाही पडतोच की. तरी महिनाभर गेलो. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हाताचा पूर्ण तळवा जमिनीवर आपटायचा, आणि पडलेल्या वेगातच उठायचं. आजूबाजूची पोरं चेंडूसारखी पडत होती, मी कपाटासारखा. घरी येऊन प्रतिमाला सांगायचो की तांत्रिक कारणास्तव सध्या पडणं चालू आहे.

आणि मग मागच्या महिन्यात एका सकाळी न्हाणीघरात साबणाच्या फेसावर पाय सटकला. माझे वडील बाबाराव आपल्याला आठवत असतील. ते याच न्हाणीघरात, याच कोपऱ्यात, बासष्टाव्या वर्षी पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर स्वतःच्या पायावर पलंगावरून खाली उतरले नाहीत. सात वर्षं. त्यांना कूस बदलून देणं माझ्याकडे होतं, म्हणून मला या कोपऱ्याची भीती आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पाय सटकला तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. हनुवटी आपोआप आत गेली, पाठ गोल झाली, तळवा फरशीवर फाडकन बसला आणि मी उभा. बाहेरून प्रतिमाने विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, मी. तिने दार ढकललं. मी ओला, अंगावर साबण, पण उभा. ती बराच वेळ कोपऱ्याकडे पाहत राहिली. त्या दिवसापर्यंत माझा पांढरा पोशाख मीच धूत होतो (तिच्या मते ती नवऱ्याची लाज होती, आणि लाज ज्याची त्याने धुवावी). दुपारी पाहतो तर तो तिने धुऊन, नीळ घालून गच्चीवर वाळत टाकला होता.

तेव्हापासून माझा निश्चय पक्का आहे. पाडणं राहू द्या, मला पडण्याची परीक्षा पास व्हायची आहे. ती अशी, की समोरून, मागून आणि बाजूने, आधी न सांगता एक माणूस आपल्याला पाडतो, आणि आपण न लागता पडून लगेच उठायचं. नियम असा, की पाडणारा साधारण आपल्या वयाचा आणि बांध्याचा हवा, आणि वर्गात माझ्या वयाचं कुणी नसल्याने तो मीच आणायचा. पाडणारा नाही तर परीक्षा नाही, आणि पुढची सहा महिन्यांनी. हीच ती अडचण.

अनुपमला नेऊन पाहिलं. त्याचा वार्षिक अहवाल मी लिहितो. तो मला असा खाली ठेवतो, जशी लोणच्याची बरणी. बळीरामला नेलं, तर पहिल्याच खेपेला मैत्रेयीजींनी त्याचे हात जोडून आभार मानले आणि त्याला बाहेर बसवलं. (आता तो पुतणीच्या लग्नाला मझौलीला गेलेला आहे.) शेवटी प्रतिमा स्वतःहून म्हणाली, चला, मी येते, एवढं काय त्यात. साडीचा पदर खोचून आली. वयाचं मैत्रेयीजींनी मान्य केलं, बांध्याचंही केलं. तिने माझं मनगट धरलं आणि मी पडलो. उत्तम पडलो. दुसऱ्यांदा ती नुसती समोर येऊन उभी राहिली, तरी मी पडलो. मैत्रेयीजींनी थांबवलं. म्हणाल्या, काका, काकूंनी अजून काही केलंच नाही. तुम्ही आधीच पडता. मी सांगून पाहिलं, की सव्वीस वर्षांची सवय आहे. पण परीक्षेत ते धरत नाहीत.

असो. विनताताईंच्या प्रश्नाचं उत्तर आपण वरील मजकुरावरून द्यालच. डोकं ठिकाणावर आहे, आणि पडताना ते आत कसं घ्यायचं तेही मला आता येतं. आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी.

आपला,
दिवाकर

ता. क. : अमरावतीहून इकडे थेट गाडी आहे. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बसलात तर शनिवारी सकाळी मी स्टेशनवर घ्यायला असेन. रविवारी दहा वाजता आपण मला पाडायचं आहे. घाबरू नये, आपल्याला एकदाही पडायचं नाही. मनगट कसं धरायचं आणि कुठल्या पायावर वळायचं हे मैत्रेयीजी शनिवारी संध्याकाळी अर्ध्या तासात शिकवतील. मी सर्वांचा विचार करून पाहिला. हाताखालचा माणूस भितो, शेजारी अति करतो, बायकोपुढे मीच टिकत नाही. साडू हे एकच नातं असं आहे की माणूस भीतही नाही आणि जीवही घेत नाही.

ता. क. दुसरा : मैत्रेयीजींची अट आहे, की पाडणाऱ्याने मनापासून पाडलं पाहिजे, लुटुपुटूचं चालणार नाही. तेव्हा मोठेपणाचा संकोच मुळीच करू नये. आजवर माझ्याविषयी मनात काही साचलं असेल तर ते सोबत घेऊनच यावं. मी पडेन, आणि उठेन.

ता. क. तिसरा : हे पत्र पाकिटात घालण्याआधी प्रतिमाने वाचलं. तिचं म्हणणं पडलं, की एवढी पानं भरायची काही गरज नव्हती. "दिवाकरला पाडायचं आहे, या" एवढंच कळवलं असतं तर भाऊजी आजच्याच गाडीने निघाले असते.