पहिली ‘ब’मधल्या बाई

लातूर, १७ जून
घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने लिहितो, मत शेवटी.
शाळा उघडली. मु.अ.नी पहिली ‘ब’ माझ्याकडे दिली. ती मी मागून घेतली होती. एम.ए., एम.एड., दोन्हींत विद्यापीठात पहिला, आणि मागतो काय तर पहिली; शिक्षक-खोलीत हसे झाले. त्यानंतर मुलांच्या आया आल्या. आमच्या शाळेत रीत अशी की पहिल्या दिवशी आई वर्गाच्या बाईंची ओटी भरते, तांदूळ, नारळ, खण, आणि मग मूल त्यांच्या हाती देते. दारात मला पाहून सगळ्या थांबल्या. एकीने ताट पदराखाली घेतले.
“बाई कुठं हायत?”
“वर्गशिक्षक मीच.”
“हाव, पण बाई?”
शेवटी ओट्या परत गेल्या. मुले आत ढकलली गेली.
मत: अडाणीपणा. त्यातही शिकलेल्या आया अधिक होत्या, हे विशेष.

२० जून
सोनवणे भेटले. दहावी-बारावीचे क्लास चालवतात. मुलगा माझ्या वर्गात. “सर, एवढं शिकून शेंबडी पोरं काय सांभाळायलात? आमच्याकडं या. सोलापूर, नांदेडहून पोरं लातूरला येऊन राहिलीत, खोल्या मिळंनात. मराठीला माणूस न्हाई माझ्याकडं.”
मी म्हणालो, भाषेचा पाया पहिलीत घातला जातो आणि या गावात तो कोणी नीट घालत नाही.
ते हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, “खरं सांगू? आमची मंडळी म्हणती, पुरुषमाणसाला लहान लेकरांची एवढी हौस कशापायी?”
वाक्य पत्नीच्या नावावर खपवले.
घरी येऊन नियम ठरवले. दार, खिडक्या सताड उघड्या. बाकांमध्ये शिरायचे नाही. मुलाला हात लावायचा नाही. पडले तरी, रडले तरी. शेजारच्या मुलाने उठवावे. नियमाने वागणाऱ्याकडे बोट दाखवता येत नाही.

४ जुलै
पल्लवी बिराजदार. कुटुंब औशापलीकडच्या एका खेड्यातले. भूकंपात गाव पडले तेव्हापासून इथे भाड्याने. आई शिवणकाम करते. आज ती थेट वर्गात आली.
“सर, पल्लूच्या येण्या कुणी घातल्या?”
काल सकाळी घाईत नुसते रबर लावून पाठवलेली मुलगी दोन वेण्या आणि रिबिनीची फुले घेऊन घरी गेली होती, म्हणे.
मी पल्लवीला विचारले. “बाईंनी घातल्या.”
“कोणत्या बाई?”
तिने मागच्या भिंतीकडे पाहिले. तिथे एक लोखंडी खुर्ची असते, जादाची, रिकामी. “त्या.”
आणि सगळा वर्ग, कोणी न सांगता, मागे वळून हसला. ओळखीच्या माणसाकडे पाहून मुले हसतात, तसा.
मला मुले ‘सर’ म्हणतात, त्यामुळे गल्लत संभवत नाही. चौकशी केली. काल शाळेतली एकही शिक्षिका या वर्गात आलेली नाही. शिपाई पुरुष आहे.
बोलत असताना पल्लवीची आई सारखी माझ्या हातांकडे पाहत होती.

६ जुलै
खुर्ची व्हरांड्यात काढली. मधल्या सुट्टीनंतर मुले दारातच उभी. आत येईनात.
“सर, बाई कुठं बसतील?”
खुर्ची आत घेतली. वर्ग सुरळीत चालावा म्हणून. अन्य कारण नाही.

१२ जुलै
नांदेडहून आईचा फोन. “पहिलीची लेकरं? तू? अरे, तुझी भाची तुला बघून खाटंखाली जायची.” खूप हसली. मी विषय बदलला.
वर्गाची प्रगती उत्तम. बाराखडी माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर. मात्र हल्ली कोणी रडत नाही. पडलेले मूल तोंड वाकडे करते, मागे जाते, खुर्चीपाशी थोडे थांबते, आणि गप्प होऊन येते. डोळे कोरडे. पुसल्यासारखे.

१५ जुलै
पालकसभा. सोनवणे पुढे: “पहिलीला बाईमाणूस द्या, न्हाई तर आमचे दाखले द्या. सर विद्वान हायत, वाद न्हाई. पण लेकीच्या जातीला कुणी हात लावावा आन् कुणी लावू नये...” वाक्य अर्धे सोडले. रिबिनीची गोष्ट सभेत सगळ्यांना ठाऊक होती.
तेवढ्यात मागून एक आई: “अवो, पण बाई हायत की वर्गात! आमची रोज सांगती.”
दुसरी: “आमचा बी. बाई डबा भरवत्यात म्हणं. घरी कवा भाजी खाल्ली न्हाई मेल्यानं!”
सभा हसली, सैल झाली. मु.अ.नी संधी साधली. “हो, हो. मदतनीस बाई आहेतच.”
नंतर त्यांच्या खोलीत मी विचारले, कोण बाई? “सर, उगी कशाला खोदायलात? सोमवारी पालक परत येतील. त्यांच्यासमोर एकदा ‘आहेत’ म्हणा, वर्ग तुमचा. न्हाई म्हणालात तर मला तुम्हाला पहिलीवरून काढावं लागंल. आणि लोक काय म्हणतील ते तुम्हाला कळतंय.”
कळते. आहेत म्हणालो तर असत्य. नाहीत म्हणालो तर वेण्या मी घातल्या. तिसरे उत्तर सापडत नाही.

१६ जुलै
जूनमध्ये परत गेलेल्या ओट्या आज आल्या. आया मला ओलांडून मागे गेल्या. खुर्चीवर तांदूळ, नारळ, खण ठेवून, वाकून नमस्कार करून, काही तरी पुटपुटून गेल्या. माझ्याकडे पाहून एक-दोघी प्रथमच हसल्या.
शेवटी पल्लवीची आई. गाठ न सोडता जपून ठेवलेली रिबीन तिने माझ्या टेबलावर ठेवली.
“सर, ही गाठ आमच्या गावच्या बाईंची हाय. दोन येढे आन् टोक आत. मला बी अशीच बांधायच्या.”
“त्या बाई आता कुठे असतात?”
“भूकंपात गेल्या. झोपेतच. शाळेच्या बगलंलाच घर होतं त्यांचं.” तिने रिबीन माझ्याकडे सरकवली. “तुमच्यावर वहीम घेतला, चुकलं माझं. पण सर, तुम्ही असताना त्यांना यावं का लागलं?”
मी गाठ तपासली. दोन वेढे, टोक आत.

१७ जुलै
दुपारी हादरा. लहानच, या भागात अजून बसतात. पत्रे वाजले. मुले ओळीने बाहेर पळाली, मी शिकवले होते तशी. पल्लवी बाकाखाली. बाहेर येईना. माझ्याकडे दोन्ही हात केले.
मी बाकापर्यंत गेलो. हात पुढे केला. दार उघडे आहे, कोणी पाहत असेल, हा विचार आधी आला. हात तिथेच राहिला. भिंतीवरून चुना पडला, डोळे मिटले गेले. उघडले तर बाकाखाली कोणी नाही.
धावत बाहेर. पल्लवी मैदानात मुलांपासून वेगळी उभी. केसांवर चुन्याचा कण नाही. मान एका बाजूला टेकलेली, कडेवर झोपलेल्या मुलाची असते तशी. टेकायला तिथे काही नव्हते.
पाय मात्र जमिनीवर होते. ते मी मुद्दाम पाहिले.

१९ जुलै
रविवार. उद्या पालक येणार.
मु.अ.ना उत्तर लिहायला बसलो. चार मसुदे फाडले. चौथा भाषेच्या दृष्टीने निर्दोष होता. पण त्या प्रकरणाचा त्यांना माझ्याइतकाही पत्ता नाही; त्यांना लिहून काय होणार? ज्यांना माहीत आहे त्यांनाच विचारावे.
शिपायाकडून किल्ली घेतली. वर्ग उघडला. सुट्टी, मुले नाहीत, तरी खोलीत खोबरेल तेलाचा वास होता. मागे पाहायचे टाळले आणि फळ्यावर, वळणदार अक्षरात, खालील मजकूर लिहिला. इथे नक्कल ठेवतो.

पहिली ‘ब’च्या बाईंस,
आपली नेमणूक मी केलेली नाही. आपल्याला हटवण्याचाही अधिकार मला नाही, हे मान्य करतो. उद्या मला पालकांसमोर उभे राहायचे आहे. तत्पूर्वी पुढील बाबींचा खुलासा करावा. आपण किती दिवस राहणार आहात? आपण गेलात तर ही मुले माझ्याजवळ येतील काय? घाबरलेले मूल हात पुढे करते तेव्हा त्यास कोठे धरावे, किती घट्ट धरावे, आणि केव्हा सोडावे?
खडू फळ्याखाली ठेवला आहे. उत्तर तोंडी, अथवा मुलांमार्फत नको. लेखीच द्यावे.