हातगाडीजवळचे चार सेकंद

बाळापूर, रविवार

चिरंजीव प्रीतम यास बेबीआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? पुण्याच्या हवेला दोष देऊ नकोस, वेळेवर जेवत जा. इकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे, आमचे खुशालराव सोडून (नवऱ्याचं नाव लिहिलं, रागात चालतं). त्यांचं पुढे येईलच.

गेल्या दिवाळीत तू माझ्या भाजीच्या हातगाडीचे शंभर फोटो काढलेस आणि म्हणालास, "आत्या, हात वर करून ओरड, तुले आमच्या गेममध्ये घेऊन राहिलो." मी ओरडले. मारामारीच्या गेममध्ये बाईला घेतात म्हणजे काम मोठंच असणार, असं समजून बाजारभर सांगितलं. (माझी चूक. आधी विचारायला हवं होतं.) पंधरा दिवसांपूर्वी तो गेम आला. फुलवाल्या दुर्गाबाईपासून केळीवाल्या सहदेवपर्यंत बाराजण आमच्या गीतांजलीच्या मोबाइलवर वाकले. तुझा तो छाती फुगवलेला नायक मोटारसायकलवरून आला, माझी गाडी उलथवली, मी हात वर करून ओरडत पळाले आणि तो निघून गेला. चार सेकंद. अख्ख्या गेममध्ये बाई एवढी एकच, आणि तिनंही पळायचं!

दुर्गाबाई म्हणाली, "बेबीताई, तू त्याले सोडलं काहून वं?" बावीस वर्षांत एकदा सांड आला होता गाडीवर. तेव्हा मी पळाले नव्हते, सांड पळाला होता.

तुला फोन केला, तर म्हणालास की मुली असले गेम खेळत नाहीत, म्हणून नायक पुरुषच ठेवावा लागतो. बाबा रे, तुझी आतेबहीण गीतांजली त्या दिवसापासून तोच गेम खेळते आहे. पहिल्या टप्प्याच्या पुढे मात्र जात नाही, कारण पुढे जायचं तर माझी गाडी उलथवूनच जावं लागतं. दुसरा रस्ता तू ठेवलेलाच नाहीस. म्हणून ती मोटारसायकल गाडीसमोर आडवी लावते आणि येईल त्या गुंडाला तिथंच झोडपते. पुढे शहर जळतं आहे म्हणे. मी म्हटलं, "जाय ना वं पुढं." तर म्हणाली, "मी पुढं गेली का तू पडते, आई." बारा वर्षांची पोर आहे.

तेव्हा मी ठरवलं. दुसऱ्या भागात नायिका घ्यायची. वेणी घट्ट, पायात धड चपला. (उंच टाचा घालायच्या असतील तर आधी तू आमच्या ओल्या काळ्या रानात दोन पावलं चालून दाखव.) नमुना म्हणून काल आम्ही चित्रण केलं. पुढे खुशालराव मोटारसायकलवर, मागून मी तराजूचं पारडं घेऊन धावत. गाडी हळू चालवायची असं ठरलं होतं, पण माझं तोंड पाहून ते खरोखर घाबरले आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरले. त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये आहे. चित्रण झकास आलं आहे, पाठवते.

तुझं उत्तर येईपर्यंत भरताची वांगी बंद.

तुझी,
बेबीआत्या

ता. क. नायिका मी नको, माझे गुडघे दुखतात. गीतांजलीला घे. तिनं पाठलागाचा सराव सुरू केला आहे (खुशालराव घराबाहेर पडत नाहीत).

ता. क. आणखी एक. नायिकेला फारच घाई असेल, तर माझी गाडी एकदा उलथवली तरी चालेल. पण खाली उतरून टमाटे वेचून द्यायचे, मगच शहर वाचवायला जायचं.